दोघांत एक टाळी

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द प्रेस्टिज’ हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो दोन तुकड्यांत, मध्ये आठवड्याचे अंतर पडून. २००७ सालची गोष्ट आहे. लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी डीव्हीडी भाड्याने देणारे एक छोटे दुकान होते. तिथून आणलेली तबकडी तासाभराने अडकली, पडद्यावर रंगीत चौकटी उमटल्या आणि काठी टेकत निघालेला एक जादूगार होता तिथेच थिजला. ‘दुसरी कॉपी उद्या देतो’ असे म्हणत दुकानदाराने आठवडा काढला. तो पहिला तास माझ्या पत्नीने मेथी निवडत आणि अधूनमधून कुकरच्या शिट्या मोजायला उठत पाहिला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना ती एकदम म्हणाली, “अहो, तो दाढीवाला मदतनीस तोंडातून शब्द काढत नाही, बघितलंत? डबल रोल असणार.” मी हसलो. एवढ्या नावाजलेल्या दिग्दर्शकाचे रहस्य इतके स्वस्त नसते, असे मी तिला समजावूनही सांगितले. पुढच्या रविवारी दुसरी तबकडी आली आणि मी तोंडघशी पडलो.

चित्रपटाचा शेवट इथे उघड झालाच आहे आणि पुढेही होणार आहे. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी आधी १३० मिनिटे काढावीत आणि मग इकडे वळावे. गेल्या महिन्यात मी तो चौथ्यांदा पाहिला. रहस्य पाठ झाल्यावरही तो पातळ का होत नाही, हे मला त्या वेळी थोडेफार उमगले, म्हणून हे परीक्षण.

ख्रिस्तोफर प्रीस्ट यांच्या १९९५ सालच्या कादंबरीवरून नोलन आणि त्यांचे बंधू जोनाथन यांनी पटकथा लिहिली. (दोन भावांनी मिळून लिहिलेल्या या पटकथेचे श्रेय आपल्या बोलण्यात एकाच्याच नावावर जमा होते, हा योगायोग या चित्रपटाला शोभून दिसतो.) काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, गाव लंडन. रॉबर्ट अँजियर आणि आल्फ्रेड बोर्डन हे दोन तरुण एकाच जादूगाराच्या हाताखाली उमेदवारी करत असतात. पाण्याच्या टाकीतून सुटण्याच्या खेळात अँजियरच्या पत्नीच्या मनगटाची गाठ सुटत नाही आणि भरल्या सभागृहासमोर ती बुडून मरते. गाठ बोर्डनने बांधलेली असते. कोणती गाठ बांधलीस, असे विचारल्यावर तो ‘मला माहीत नाही’ एवढेच उत्तर देतो. वैराला एवढे पुरते. बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात अँजियर वेष बदलून येतो आणि बोर्डनची दोन बोटे जातात. बोर्डन अँजियरचा पिंजऱ्याचा खेळ भर प्रयोगात बिघडवतो. मग बोर्डन एका दारातून आत जाऊन दूरच्या दुसऱ्या दारातून क्षणात बाहेर येण्याचा खेळ आणतो, आणि त्याचे गुपित मिळवण्यासाठी अँजियर आपले उरलेले आयुष्य पणाला लावतो.

त्या गुपिताचे उत्तर म्हणजे माझ्या पत्नीने मेथी निवडता निवडता सांगितलेले उत्तर. बोर्डन हे दोन जुळे भाऊ आहेत. एक जण बोर्डन असतो तेव्हा दुसरा दाढी लावून त्याचा अबोल मदतनीस फॅलन होतो, आणि ते आळीपाळीने जागा बदलतात. शेवटी त्यांतला एक, अँजियरच्या खुनाच्या आरोपावरून, फासावर जातो.

मुंबईच्या प्रेक्षकाला दोन सारख्या चेहऱ्यांचे नवल राहिलेले नाही. एकाच्या गालावर तीळ, दुसऱ्याला मिशी, लहानपणी जत्रेत ताटातूट, शेवटी लॉकेटचे दोन अर्धे जुळणे, हे सगळे आपण आईच्या मांडीवर बसून पाहिलेले आहे. त्याचे मूळ तर थेट जादूत सापडते. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी आपले आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि १९१७ सालच्या त्यांच्याच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आपल्याकडचा पहिला मानला जाणारा डबल रोल असा एका जादूगाराच्या हातून निघालेला आहे. तेव्हा लालबागच्या चाळीतल्या गृहिणीला तो ओळखू आला यात आश्चर्य कसले?

आश्चर्य आहे ते मला तो ओळखू आला नाही याचे, आणि चित्रपटाची खरी हुशारी मला इथे दिसते. नोलन यांनी उत्तर फारसे लपवलेलेच नाही. जादूची यंत्रे बनवणारा म्हातारा कारागीर कटर पुन्हापुन्हा सांगतो की बोर्डन डबल वापरतो, दुसरा मार्गच नाही. अँजियर ऐकत नाही, कारण इतक्या साध्या गोष्टीने आपण हरलो हे त्याला पचत नाही. त्याला उत्तर अवघड हवे असते. मलाही ते अवघडच हवे होते, कारण मी स्वतःला जाणकार प्रेक्षक समजत होतो. पत्नीला तसले काही सिद्ध करायचे नव्हते, म्हणून तिला समोरचे दिसले.

पण आपल्या जुळ्यांच्या कथा आणि ही कथा यांत एक मोठा फरक आहे, आणि रहस्य कळल्यावरही चित्रपट उभा राहतो तो त्या फरकाच्या जोरावर. आपल्याकडचे भाऊ दुरावलेले असतात आणि शेवटच्या रिळात गळाभेट घेतात. हे दोघे जन्मभर एका छपराखाली राहतात आणि त्यांना भाऊ म्हणून एकत्र दिसण्याची मुभा नसते. दोघांत मिळून एक नाव, एक संसार, एक व्यवसाय. एकाची बोटे गेली म्हणून दुसऱ्याची छिन्नीने तोडायची, कारण प्रेक्षकाला बोटे मोजता येतात. एकाचे प्रेम बायकोवर, सारावर, दुसऱ्याचे अँजियरकडून आलेल्या मदतनीस ऑलिव्हियावर, आणि सारा मात्र दोघांनाही एकच नवरा समजून रोज त्याच्या डोळ्यांत पाहणार. ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे’ हे काही दिवशी खरे वाटते आणि काही दिवशी वाटत नाही, असे ती बोलून दाखवते, तेव्हा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो रुसवा वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना कळते की संपूर्ण चित्रपटात सर्वांत अचूक निरीक्षण तिचेच आहे, आणि तेच तिच्या जिवावर बेतते. रेबेका हॉल यांनी ही भूमिका इतकी संयमाने केली आहे की दोन मोठ्या नटांच्या चकमकीत तिच्याकडे दुर्लक्ष होते. ते होऊ नये.

माझ्या नोकरीच्या काळात मी वीसेक वर्षे हौशी नाटकांच्या पडद्यामागे होतो, मुख्यतः प्रकाशयोजनेच्या डिमरवर. परळच्या दामोदर नाट्यगृहात एका स्पर्धेच्या नाटकात आम्ही असाच एक खेळ बसवला होता. नायक डाव्या विंगेत जायचा आणि तीन सेकंदांत उजव्या विंगेतून आत यायचा. अर्थात मुले दोन होती. दुसऱ्याचे काम एवढेच की पाठमोरे यायचे, दोन्ही हात वर करायचे, आणि मग अंधार. त्या तीन सेकंदांसाठी तो मुलगा दीड तास लोकरी कोट चढवून, घामाने निथळत, उजव्या विंगेत भिंतीला चिकटून उभा राहायचा. हमखास टाळी पडायची ती नेमकी त्या वेळी. नायक तेव्हा माझ्या शेजारी, डाव्या विंगेच्या काळोखात उभा असायचा आणि ती ऐकायचा. अंतिम फेरीच्या प्रयोगात त्याने माझ्या कानाशी येऊन विचारले, “दादा, ही टाळी माझी की त्याची?” मी म्हणालो, “फेड होऊ दे, मग सांगतो.” नंतर मी काही सांगितले नाही.

म्हणून या चित्रपटातले एक छोटे दृश्य माझ्या मनातून जात नाही. बोर्डनची नक्कल करण्यासाठी अँजियर आपल्यासारखा दिसणारा रूट नावाचा एक दारुडा नट शोधून आणतो. प्रयोगात अँजियर एका दारात शिरतो आणि चोरदरवाजातून खाली गादीवर पडतो; त्याच वेळी पलीकडच्या दारातून रूट प्रकटतो. सभागृह दणाणून जाते. रंगमंचाखाली, लाकडी खांब आणि दोरखंडांच्या पसाऱ्यात, अँजियर उभा राहतो, हात पसरतो आणि कोणीही नसलेल्या अंधाराला वाकून अभिवादन करतो. वरच्या टाळ्या फळ्यांतून गाळून खाली येतात. ह्यू जॅकमन यांनी तिथे चेहऱ्यावर सुख आणि अपमान एकाच वेळी ठेवले आहेत. याच जॅकमन यांनी रूटही साकारला आहे, आणि रंगमंचावर आल्या आल्या ताठ होणारा तो गबाळा, तोंडाळ, आपले महत्त्व ओळखून मालकाला वेठीला धरणारा नट पाहताना हसू आवरत नाही. (दोन जादूगारांच्या या चित्रपटात डबल रोलही दोन आहेत, एक जाहीर आणि एक लपवलेला.)

बोर्डन बंधूंनी टाळी वाटून घेतली. अँजियरला ती वाटून घेता येत नाही. दोघांतला फरक हाच, आणि शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांच्याकडून अँजियर जे यंत्र बनवून घेतो त्यामागची भूकही हीच. त्या यंत्रातून माणसाची हुबेहूब दुसरी प्रत निघते. दोन अँजियर नकोत म्हणून दर रात्री एक जण रंगमंचाखालच्या पाण्याच्या टाकीत पडतो आणि बुडून मरतो, आणि दुसरा सभागृहाच्या मागच्या बाजूला प्रकट होऊन टाळ्या घेतो. त्या रात्री आपण टाळी घेणारे असू की टाकीतले, हे यंत्रात पाऊल ठेवताना त्याला ठाऊक नसते. टाळी आपल्यालाच मिळावी म्हणून मरायला तयार झालेला हा माणूस आहे, आणि तेही एकदा नव्हे.

असे असले तरी या यंत्राबद्दल माझी तक्रार कायम आहे. तोवरची प्रत्येक करामत सुताराच्या आणि लोहाराच्या हातची असते. चोरदरवाजा, स्प्रिंग, सैल होणारी गाठ, मिटणारा पिंजरा. पाहणाऱ्याशी झालेला अलिखित करार असा असतो की इथे जे घडेल ते माणसाच्या हातचे असेल. मग अचानक एक खरोखरच अशक्य गोष्ट कथेत येते आणि पाहणाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवायचा असतो. गणित सोडवायला बसलेल्या मुलाला शेवटच्या ओळीत ‘देवाची कृपा’ लिहून द्यावे तसे काहीसे वाटते. बोर्डनचे साधे उत्तर अधिक उठून दिसावे म्हणून अँजियरचे उत्तर अमानुष ठेवले, हा युक्तिवाद मला समजतो. चारदा पाहूनही तो पूर्णपणे पटत नाही.

टेस्ला यांचा भाग तरीही पाहण्याजोगा आहे, तो प्रामुख्याने टेस्ला साकारणाऱ्या डेव्हिड बोवी यांच्यामुळे. विजेच्या ठिणग्यांच्या लोळांतून हा माणूस शांतपणे चालत येतो आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो. ज्याच्याजवळ खरी जादू आहे त्याला सादरीकरणाची गरज नसते, हे त्या चालण्यातच येते. प्रत्यक्षातले टेस्ला १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोगशाळा उभारून राहिले होते, आणि एडिसन यांच्याशी त्यांची स्पर्धा जगजाहीर आहे. चित्रपटात एडिसनची माणसे त्यांची कोलोरॅडोची प्रयोगशाळा जाळतात. तसे घडलेले नाही. टेस्ला यांची जळाली ती १८९५ साली, न्यूयॉर्कमधली. दोन जादूगारांच्या वैरामागे दोन शास्त्रज्ञांचे वैर उभे करण्यासाठी घेतलेली ही सवलत मला खटकली नाही.

जादूच्या धंद्याचे तपशील मात्र चांगल्या घरचे आहेत. नामवंत हातचलाखीकार रिकी जे यांनी या चित्रपटासाठी सल्लागाराचे काम केले आणि सुरुवातीच्या वयस्क जादूगाराची भूमिकाही केली. पिंजऱ्यासकट पक्षी नाहीसा करण्याचा खेळ घ्या. एक लहान मुलगा रडू लागतो की पक्ष्याला मारले. बोर्डन त्याला जिवंत पक्षी दाखवतो, तर तो विचारतो, मग याचा भाऊ कुठे आहे? पोराला कळले ते सभागृहाला कळत नाही. पहिला पक्षी त्या मिटलेल्या पिंजऱ्यात चिरडलेला असतो आणि दाखवलेला असतो तो दुसरा. ही शंका खऱ्या इतिहासातही होती. ब्यूआतिए द कोल्ता या फ्रेंच जादूगाराने प्रचारात आणलेल्या या खेळात पक्षी मरतो असा आरोप इतका टिकून राहिला की १९२१ साली कार्ल हर्ट्झ या जादूगाराला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो करून दाखवावा लागला. एका पक्ष्याच्या जागी त्याचा भाऊ, एका माणसाच्या जागी त्याचा भाऊ. चित्रपटाने आपले उत्तर पहिल्या अर्ध्या तासात एका रडणाऱ्या मुलाच्या तोंडून देऊन टाकले आहे.

चुंग लिंग सू या चिनी जादूगाराचा प्रसंगही असाच अर्थपूर्ण आहे. दोन्ही तरुण त्याचा खेळ पाहायला जातात. पाण्याने भरलेले जड भांडे तो झग्याखाली पायांत धरून आणतो, आणि ते कोणाला कळू नये म्हणून आयुष्यभर, रस्त्यावर, घोडागाडीत चढतानासुद्धा, पंगू म्हाताऱ्यासारखा चालतो. बोर्डनला ते तात्काळ कळते, कारण तो स्वतः तेच करत असतो. प्रत्यक्षातला चुंग लिंग सू यापेक्षाही विलक्षण होता. तो विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन माणूस होता आणि चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराची त्याने नक्कल केली होती. पाण्याच्या भांड्याचा खेळही फू यांचाच. १९०५ साली लंडनमध्ये या खऱ्या-खोट्या चिन्यांची जाहीर जुंपली होती. १९१८ साली लंडनच्या रंगमंचावर गोळी झेलण्याच्या खेळात गोळी खरोखरच लागली, तेव्हा रॉबिन्सनच्या तोंडून प्रेक्षकांनी पहिल्यांदा इंग्रजी ऐकले. दुसऱ्या दिवशी तो वारला. नोलन यांनी ही बाजू बाहेर ठेवली. कथेची गरज म्हणून ते योग्यच असेल, पण मला ती आत हवी होती.

नावाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे प्रेस्टीज म्हटले की आधी कुकर आठवतो आणि मग इभ्रत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र फसवणूक, नजरबंदी असा होता. प्रतिष्ठेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. चित्रपटात कटर जादूच्या खेळाचे तीन भाग सांगतो: साधी वस्तू दाखवणे, ती नाहीशी करणे, आणि ती परत आणणे, ज्याला तो ‘प्रेस्टिज’ म्हणतो. ऐकताना वाटते की जादूगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा बोलत आल्या असतील. ती परिभाषा प्रीस्ट यांनी कादंबरीसाठी रचलेली आहे. खोटी गोष्ट किती जुनी आणि खरी भासवता येते, याचा हा चित्रपटाबाहेरचा नमुना.

उणिवा आणखी आहेत. ऑलिव्हियाची भूमिका करणाऱ्या स्कार्लेट जोहान्सन यांना पटकथेने निरोप्याचे काम दिले आहे. हिला तिकडे पाठव, तिच्याकडून वही आणव, यापलीकडे तिचे मन कोणी विचारत नाही. एक जण दुसऱ्याची वही वाचतो आणि त्या वहीत तो दुसरा पहिल्याची वही वाचत असतो, ही रचना पहिल्या खेपेला दमवते, त्यामुळे इंग्रजी कितीही चांगले असले तरी उपशीर्षके चालू ठेवावीत. बोर्डनचे लंडनच्या गल्लीतले इंग्रजी माझ्या कानांना तसेही झेपत नाही. संगीत मागे मागे राहते. आठवावी अशी धून नाही. छायांकन आणि कलादिग्दर्शन यांना ऑस्करची नामांकने मिळाली होती, आणि गंजलेल्या कळा, मळलेले मखमली पडदे, रंगमंचाखालचे ओलसर लाकूड पाहिले की ती का मिळाली हे सांगावे लागत नाही. कटर झालेले मायकल केन नेहमीप्रमाणे घरच्यासारखे वाटतात. ख्रिश्चन बेल यांची खरी कामगिरी दुसऱ्यांदा पाहिल्यावरच कळते, कारण ते आधीपासूनच दोन माणसे करत असतात आणि पहिल्या खेपेला आपण त्यांना एकच, थोडा लहरी माणूस समजतो.

या वेळी पत्नीने चित्रपट सलग पाहिला, मेथी नव्हती. बोर्डन पडद्यावर आला की ती ‘हा सारावाला’, ‘हा दुसरा’ असे बोट दाखवून सांगत होती आणि मी कागदावर खुणा करत होतो. दोन प्रसंगांवर आमचे एकमत झाले नाही. त्यातला एक, टाकीच्या खेळाआधी मनगटाला गाठ बांधण्याचा. माझे म्हणणे असे की ती कोणी बांधली हे दिग्दर्शकाने मोघम ठेवले आहे. विचारल्यावर ‘मला माहीत नाही’ म्हणणारा भाऊ खरे बोलत असतो, कारण तो त्या रात्री दाढी लावून भलतीकडेच असेल. तिने टीव्ही बंद केला आणि रिमोट टेबलावर ठेवला. “कोणी बांधली ते राहू द्या,” ती म्हणाली. “फासाची गाठ कोणाच्या गळ्यात गेली ते बघितलंत ना? मग झालं.”